संत झिटा : घरकामगारांची आश्रयदाती

२७ एप्रिल हा संत झिटा हिचा सण. आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते. आपल्यातील काही भगिनींनी परक्या घरी, परक्या देशात घरकाम करून मुलांची शिक्षणे केली आहेत. म्हणून या संत स्त्रीची आपण आठवण करायला हवी.

इटलीतील लुक्का शहराजवळच्या मोन्साग्राती या खेड्यात तेराव्या शतकाच्या आरंभी एका गरीब, भाविक कुटुंबात झिटा जन्मली. बाराव्या वर्षी ती लुक्कातील फातिनेल्ली या श्रीमंत कुटुंबात कामाला लागली आणि ४८ वर्षे, मरेपर्यंत, त्याच घरी राहिली.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. ती पहाटे उठून जवळच्या सान फ्रेदियानो चर्चमध्ये मिस्साला जाई आणि परत येऊन मन लावून काम करी. हे तिच्या सोबतच्या नोकरांच्या डोळ्यांत खुपे. ते तिची टिंगल करीत, मालकाचे कान भरीत. मालकही रागावे, तिने मारही खाल्ला. तिने मात्र मनात कटुता धरली नाही. तिची सचोटी हळूहळू सर्वांना पटली आणि घराचा कारभार व मुलांची देखभाल तिच्याकडे आली. अधिकार हाती आल्यावर तिने कोणाचाही सूड घेतला नाही.

आपल्या मिळकतीतून आणि ताटातूनही ती गरिबांना देई. नाताळच्या आदल्या रात्रीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मालकाने थंडीसाठी दिलेला उंची झगा तिने चर्चच्या दाराशी कुडकुडणाऱ्या माणसाला पांघरला. मिस्सानंतर माणूसही नव्हता आणि झगाही नव्हता. मालक संतापला, पण दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने तो झगा परत आणून दिला. त्या दाराला लोक देवदूताचे दार म्हणू लागले.

२७ एप्रिल १२७२ रोजी झिटा देवाघरी गेली. काही दशकांतच महाकवी दान्तेने आपल्या महाकाव्यात लुक्काच्या कारभाऱ्यांची ओळख झिटाच्या नावाने करून दिली. १६९६ साली पोप इनोसंट बारावे यांनी तिला संतपद बहाल केले. आज फातिनेल्ली हे नाव जगाला ठाऊक आहे ते त्यांच्या मोलकरणीमुळे!

झिटाने मार सोसला, ही तिची थोरवी. पण मारणाऱ्याचे ते पापच होते. तिच्या सहनशीलतेचा दाखला देऊन आपण आपल्या घरी काम करणाऱ्यांकडून तशीच अपेक्षा करू लागलो, तर आपण मालकाच्या बाजूला उभे राहतो, संताच्या नव्हे. तिला न्याय मिळायला कित्येक वर्षे लागली, आणि तोही मालकाच्या मर्जीवर. आज तो हक्क मानला जातो. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आठवड्याची सुट्टी व किमान वेतन यांचा पुरस्कार करणारा करार संमत केला.

पण कायद्याआधी आपले घर येते. तिचा पगार ठरल्या दिवशी देतो का? आजारपणात खाडा धरतो का? तिचा चहाचा कप वेगळा ठेवतो का? रविवारी आपण मिस्साला येतो, तेव्हा तिलाही सुट्टी असते का? या सणाच्या निमित्ताने आपण हे प्रश्न स्वतःला विचारू या.

हे संत झिटा, आम्हांसाठी विनंती कर.