अप्रिय सत्य सांगणारा राष्ट्रनिर्माता

राष्ट्र घडविणारे पुरुष बहुधा आपल्या लोकांचा अभिमान जागवून मोठे होतात. पूर्वजांचा पराक्रम, प्राचीन वैभव, परकीयांनी केलेला अन्याय यांचे स्मरण देत देत ते विखुरलेल्या समाजाला एकत्र आणतात, आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु आपल्याच लोकांच्या अभिमानाला दोनदा जबर धक्का देऊन, त्यांच्याकडून देशद्रोही म्हणवून घेऊन, अखेर त्याच लोकांनी राष्ट्रपित्याच्या आसनावर बसविलेला पुरुष इतिहासात विरळाच. झेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष टोमास मासारिक हे असे पुरुष होते. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांचे राष्ट्र जन्मास आले. १९९२ च्या अखेरीस ते दुभंगले; तरी झेक प्रजासत्ताकात तो दिवस आजही राष्ट्रीय सण म्हणून पाळला जातो. राज्य गेले आणि संस्थापकाचा मान मात्र राहिला. असे का व्हावे, याचा शोध घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मासारिक यांचा जन्म ७ मार्च १८५० रोजी मोराव्हियातील होडोनिन या गावी झाला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील स्लोव्हाक, सरकारी जमीनजुमल्यावर गाडीवान. आई मोराव्हियातली, स्वयंपाकाचे काम करणारी. मुलाला प्रथम कुलुपे बनविणाऱ्या कारागिराकडे आणि नंतर लोहाराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथून तो पुन्हा विद्येकडे वळला, शिकवण्या करून शिकला आणि १८७६ साली व्हिएन्ना विद्यापीठाचा डॉक्टर झाला. लाइपझिग येथे त्यांची शार्लट गारिग या अमेरिकन तरुणीशी ओळख झाली. १८७८ साली दोघांचा विवाह झाला आणि मासारिक यांनी पत्नीचे आडनाव आपल्या नावात कायमचे गुंफून घेतले. १८८२ साली प्राग विद्यापीठाचे जर्मन आणि झेक असे दोन भाग झाले, तेव्हा झेक विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

येथवरचे चरित्र एखाद्या हुशार व कष्टाळू विद्वानाचे आहे. खरी कसोटी १८८६ साली लागली. त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झेक भाषेतील काही जुनी हस्तलिखिते सापडल्याचा गाजावाजा झाला होता. तेराव्या शतकातील आणि त्याहूनही प्राचीन काळातील वीरकाव्ये त्यांत होती असे मानले जाई. जर्मन भाषेच्या छायेत मान खाली घालून जगणाऱ्या झेक समाजाला ती काव्ये म्हणजे आपल्या प्राचीन संस्कृतीची सनदच वाटली. चित्रकारांनी त्यांतले प्रसंग रंगविले, कवींनी त्यांतून स्फूर्ती घेतली. मासारिक यांच्या नियतकालिकात भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअर यांनी त्या हस्तलिखितांच्या अस्सलपणाविषयी शंका उपस्थित केली, आणि मासारिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ती काव्ये अलीकडच्या काळात रचलेली बनावट होती, असा निष्कर्ष निघाला. वृत्तपत्रे तुटून पडली. मासारिक यांची विद्यापीठातील बढती कित्येक वर्षे रखडली. खोट्या कागदावर उभारलेला अभिमान शत्रूच्या एका फटक्यासरशी कोसळेल, म्हणून आपला खोटेपणा आपणच शोधून काढला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

अस्सल कागद आणि बनावट कागद यांतील भेद इतिहासाचार्य राजवाडे यांच्या महाराष्ट्राला नव्याने समजावून सांगावयास नको. परंतु तो भेद मान्य करणे आणि आपल्या आवडत्या कागदाला तो लागू करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी शाळेत इतिहास शिकविताना आम्ही हे पाहिले आहे. दिग्विजयाची हकिकत सुरू झाली की मुलांचे डोळे चमकतात. ती खरी कशावरून, असे विचारले की वर्गात अवघडलेली शांतता पसरते. अप्रिय सत्य बोलू नये, असा व्यवहारी सल्ला आपले सुभाषितकार देऊन गेले आहेत. मासारिक यांनी तो पाळला असता, तर त्यांचे आयुष्य पुष्कळ सुखाचे गेले असते.

दुसरा प्रसंग याहून कठीण होता. १८९९ साली पोल्ना या गावाजवळ एका झेक तरुणीचा खून झाला. लिओपोल्ड हिल्स्नर या गरीब ज्यू तरुणावर आरोप आला आणि ज्यू लोक धार्मिक विधीसाठी ख्रिस्ती रक्त सांडतात या जुन्या दुष्ट समजुतीने सारा समाज पेटला. न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली. हिल्स्नर मासारिक यांचा कोणी नव्हता. तरीही पुराव्यातील दोष आणि त्या समजुतीतील क्रौर्य दाखविण्यासाठी त्यांनी पुस्तिका लिहिल्या. त्यांचे स्वतःचे विद्यार्थीच त्यांच्याविरुद्ध निदर्शने करू लागले. व्याख्याने बंद ठेवावी लागली. फेरचौकशीतही हिल्स्नर दोषी ठरला. फाशीऐवजी त्याला जन्मठेप झाली आणि सुटका १९१८ साली झाली. मासारिक यांच्या पदरी निंदा पडली, पण त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

हीच मोजपट्टी त्यांनी पुढे साम्राज्यालाही लावली. १९०९ साली झाग्रेब येथे सर्ब नेत्यांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला, आणि त्याच सुमारास व्हिएन्नातील एका नामवंत इतिहासकाराने परराष्ट्र खात्याकडून मिळालेल्या कागदांच्या आधारे सर्ब-क्रोट नेत्यांवर आरोप केले. ते कागद बनावट होते, हे व्हिएन्नाच्या पार्लमेंटचे सभासद असलेल्या मासारिक यांनी चव्हाट्यावर आणले. घरच्या खोट्या कागदांना ज्याने माफ केले नव्हते, त्याच्या बोलण्याला युरोपात वजन आले ते यामुळेच.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा मासारिक ६४ वर्षांचे होते. त्या वयात माणसे निवृत्तीचे बेत करतात. मासारिक डिसेंबर १९१४ मध्ये देश सोडून बाहेर पडले. मागे थोरला मुलगा मरण पावला, मुलगी तुरुंगात पडली, पत्नीची प्रकृती ढासळली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकवीत, एडुआर्ड बेनेश आणि मिलान श्टेफानिक या तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी दोस्त राष्ट्रांचे मन वळविले. रशियात युद्धकैदी झालेल्या झेक व स्लोव्हाक सैनिकांतून हजारोंची फौज उभी केली. १९१८ च्या वसंतात सैबेरिया, जपान असा प्रवास करीत ते अमेरिकेस पोचले. १८ ऑक्टोबरला वॉशिंग्टनहून स्वातंत्र्याची घोषणा प्रसिद्ध झाली, दहा दिवसांनी प्रागने ती प्रत्यक्षात आणली, आणि १४ नोव्हेंबरला ते अजून परदेशी असतानाच राष्ट्राध्यक्ष निवडले गेले. ज्या शहराने त्यांना द्रोही म्हटले होते, ते २१ डिसेंबरला त्यांच्या स्वागतासाठी रस्त्यावर लोटले.

पुढे १७ वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. १९२० च्या राज्यघटनेने स्त्रियांना पुरुषांबरोबरीने मताधिकार दिला. शेजारची जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, हंगेरी ही राष्ट्रे एकामागून एक हुकूमशाहीच्या वाटेने गेली, तेव्हाही प्रागमध्ये पार्लमेंट चालू होते आणि हिटलरच्या राज्यातून पळालेल्या लेखकांना तेथे आसरा मिळत होता. लागोपाठ दोनहून अधिक वेळा कोणी राष्ट्राध्यक्ष होऊ नये, असा नियम घटनेने केला होता. पहिल्या राष्ट्राध्यक्षाला मात्र त्यातून वगळले होते. मासारिक यांनी ती सवलत घेतली. अखेर प्रकृतीच्या कारणास्तव डिसेंबर १९३५ मध्ये ते स्वेच्छेने पायउतार झाले आणि १४ सप्टेंबर १९३७ रोजी लानी येथे निवर्तले.

सत्याचा आग्रह धरणाऱ्या पुरुषाविषयी लिहिताना त्याचे दोष झाकणे हा त्याचाच अवमान होईल. नव्या राज्यात ३० लाखांहून अधिक जर्मन होते. ते या भूमीत शतकानुशतके राहत असताना, मायदेशी परतल्यावरच्या पहिल्याच मोठ्या भाषणात मासारिक यांनी त्यांना बाहेरून येऊन वसलेले म्हटले. १९२६ पासून जर्मन मंत्री सरकारात आले, तरी तो सल पुरता गेला नाही. मे १९१८ मध्ये पिट्सबर्ग येथील करारात स्लोव्हाकांना स्वतःचा कारभार, स्वतःची विधानसभा आणि स्वतःची न्यायालये देण्याचे मान्य करण्यात आले होते. त्यावर मासारिक यांची सही होती. पुढे तो अमेरिकेतील मंडळींपुरता करार होता, असा अर्थ त्यांनी लावला. ज्याने खोटी हस्तलिखिते नाकारली, त्याने स्वतःच्या सहीचा कागद हलका करावा, हे आम्हांला खटकते. १९३८ च्या म्युनिक कराराचा दोष हिटलरचा आणि त्याच्यापुढे नमलेल्या ब्रिटन-फ्रान्सचा, यात शंका नाही. तथापि हिटलरला पाचर ठोकण्यास जी फट सापडली ती या जर्मनांच्या असंतोषाची होती, आणि १९३९ व १९९३ साली स्लोव्हाकिया वेगळा झाला तो त्या न पाळलेल्या वचनाच्या सांध्यापाशी.

मासारिक यांचे नाव पुसण्याचे प्रयत्नही झाले. नाझींनी आणि नंतर साम्यवादी सत्तेने त्यांचे पुतळे हलविले. ब्रनो येथील विद्यापीठावरून त्यांचे नाव १९६० साली काढले गेले आणि १९९० साली पुन्हा लावण्यात आले. ज्याने लोकांची स्तुती केली नाही त्याला लोक दोन पिढ्यांनंतरही विसरले नव्हते.

सत्याच्या विजयाचे बोधवाक्य झेक राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर आहे. आपल्या राजमुद्रेवरही त्याच अर्थाचे आहे. मुद्रेवर ते कोरणे सोपे आहे. आपल्या जातीचा, आपल्या प्रांताचा, आपल्या पक्षाचा आवडता कागद पुढे येतो, गर्दी एखाद्या निराधाराला दोषी ठरवून मोकळी होते, किंवा आपण दिलेले वचन आपल्याला जड होते, तेव्हा त्या वाक्याची परीक्षा असते. मासारिक पहिल्या दोन परीक्षांत उतरले, तिसरीत कमी पडले. आणि तिन्हींचे फळ त्यांच्या राष्ट्राला मिळाले. आपल्यातही असे अप्रिय बोलणारे अधूनमधून निपजतात. त्यांना देशद्रोही ठरविण्याची घाई करण्यापूर्वी प्रागच्या या प्राध्यापकाचे चरित्र एकदा आठवावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.