हलत्या चित्रांचा विद्यार्थी

निर्जीव चित्रांना किंवा वस्तूंना पडद्यावर हालचाल देण्याच्या कलेला आज आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो. आता हा विषय महाविद्यालयात शिकता येतो. त्यासाठी प्रवेशपरीक्षा असते, संगणक असतात, शिक्षक असतात आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर पदवीही मिळते. १८८५ साली पंधरा वर्षांचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, तेव्हा यातले काहीच नव्हते. हलती चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती १८९६ साली, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. म्हणजे जो विषय धुंडिराज पुढे आयुष्यभर शिकणार होते, तो विषयच अजून जन्माला यावयाचा होता.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या तीर्थक्षेत्री झाला. वडील गोविंदशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुलानेही शास्त्री व्हावे, ही त्या घराण्यातील स्वाभाविक अपेक्षा. परंतु मुलाचे मन रमे ते चित्रांत, सोंगांत आणि जादूच्या खेळांत. वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब मुंबईस आले आणि त्यामुळे कलाशाळेचे दार धुंडिराजांसाठी उघडले. तेथे त्यांनी चित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला.

पुढे थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली तेथे कलाभवन ही संस्था सुरू केली होती. कलेबरोबर हुन्नर आणि यंत्रविद्याही शिकवणारी ती संस्था होती व तिचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. धुंडिराजांना अशीच जागा हवी होती. तैलरंग व जलरंगांची चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला असे एकामागून एक विषय त्यांनी आत्मसात केले. त्याच सुमारास त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा घेतला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. त्यांची ओढ पाहून गज्जरांनी त्यांना छपाईचे ठसे बनवण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठवले.

ठशांचे हे काम वरवर पाहता चित्रपटापासून फार दूरचे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नाही. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन रंगांसाठी तीन निरनिराळे ठसे करतात आणि ते कागदावर एकावर एक उमटवतात. त्यांतील एक ठसा केसभर जरी सरकला, तरी चित्र फिसकटते. चित्राची जागा न ढळू देण्याची ही शिस्त अ‍ॅनिमेशनच्या मुळाशीही आहे, कारण तेथेही शेकडो चित्रे एकापाठोपाठ एक त्याच जागी नेमकी बसवावी लागतात. धुंडिराजांचा हात या कामाला वळला तो छापखान्यात.

पोटापाण्याचा मार्ग मात्र इतक्या सहजी वळणावर आला नाही. १८९५ साली त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. १९०० साली तेथे प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व मूल दोन्ही हिरावून नेली. ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती ओढली जाते, अशी लोकांची समजूत असल्यामुळे तेथेही धंदा बसेना. मग त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवले. एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे खेळ शिकले. प्रेक्षकाचा डोळा नेमका कुठे फसतो आणि का फसतो, याचे शिक्षण त्यांना कोणत्याही कलाशाळेपेक्षा या जादूगाराकडून अधिक मिळाले असावे.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी पुढे सांगावयाचेच आहे. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना १९०३ साली नोकरी मिळाली. ती त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. तो पुढे दादरला आणला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले, परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः उभा केलेला व्यवसाय त्यांनी रिकाम्या हातांनी सोडला. तेव्हा त्यांचे वय चाळिशीपर्यंत आलेले होते.

अशा वेळी, १९११ च्या सुमारास, गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असता त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देवांच्या कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. त्या दिवसापासून ते पुन्हा विद्यार्थी झाले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहावेत, घरी येऊन एक स्वस्तातला कॅमेरा, मेणबत्ती आणि भिंग घेऊन फितीवरील चित्रे भिंतीवर पाडून पाहावीत, मध्यरात्र उलटली तरी उठू नये, असा क्रम सुरू झाला. मिळकत नव्हती. घरातील वस्तू विकल्या जात होत्या. अखेर डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी गेली की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. औषधोपचाराने व निरनिराळे चष्मे वापरून ती हळूहळू परत आली. चित्रांवर जगणाऱ्या माणसाने डोळे पणाला लावावेत, हे धाडस म्हणावे की अविचार, याचा निर्णय त्या घरातील माणसांनाही सहजी करता आला नसेल.

आयुर्विम्याचे कागद तारण ठेवून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी धुंडिराज लंडनला निघाले. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. बायोस्कोप या साप्ताहिकाचे ते वाचक होते, तेवढ्याच आधारावर त्यांनी त्याच्या कचेरीत पाऊल टाकले. संपादकांनी प्रथम या धंद्यातील धोके दाखवले. मात्र पाहुण्याचा निर्धार ओळखून त्यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत धुंडिराजांनी चित्रीकरणापासून फीत धुण्यापर्यंतची सारी कामे डोळ्यांनी पाहिली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेऊन ते एप्रिल महिन्यात परतले. या विषयातील त्यांचे रीतसर शिक्षण म्हणावे ते एवढेच, थोड्या दिवसांचे.

आता प्रश्न भांडवलाचा होता. चित्रपट म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नाही, अशा सावकारांना पैसे मागावयाचे कसे? येथे धुंडिराजांमधील शिक्षक जागा झाला. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला. कुंडी हलवावयाची नाही, कॅमेरा हलवावयाचा नाही आणि ठराविक वेळ गेला की एक चित्र टिपावयाचे, असा प्रयोग महिन्याहून अधिक काळ चालला. रोज एकेकच चित्र घेतले, असे या प्रयोगाविषयी सांगितले जाते. परंतु त्या काळी पडद्यावर एका सेकंदाला सुमारे १६ चित्रे सरकत. तीस दिवसांची तीस चित्रे दोन सेकंदांत संपून गेली असती. फीत तर मिनिटभराची होती असे म्हणतात. तेव्हा दिवसभरात अनेकदा ते कुंडीपाशी येऊन बसत असले पाहिजेत, हे उघड आहे. ही फीत पडद्यावर सोडताच मातीतून अंकुर वर येई, पाने उघडत आणि पाहणाऱ्यांच्या देखत त्याचे रोप होई. महिन्याचा काळ त्यांनी जणू मुठीत धरून दाखवला होता. अंकुराची वाढ या नावाने ही फीत ओळखली जाते. शास्त्रीय भाषेत तिला अ‍ॅनिमेशन म्हणता येणार नाही, कारण रोप स्वतःच वाढत होते. पण एकेक चित्र सुटे घेऊन त्यांतून गती घडवण्याचे तंत्र दोहोंत एकच आहे. फीत पाहणाऱ्यांपैकी काहींनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळेना, म्हणून ती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. कॅमेरा बालमित्र त्र्यंबक तेलंग यांनी चालवला व तो चालवण्यास त्यांना शिकवले होते धुंडिराजांनीच. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीला छिद्रे पाडत, फीत धुण्याची रसायने तयार करत, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड परतवत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घ्यावयास हवे. पुष्कळदा ते राहून जाते.

मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री हे चित्रपट लागोपाठ झाले आणि १९१४ साली दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. आता लोक त्यांना याच नावाने ओळखत होते. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पैसे देणाऱ्यांनी हात आखडले, कच्ची फीत मिळणे दुरापास्त झाले. मोठा चित्रपट काढणे शक्य नव्हते. नट नाहीत, पोशाख नाहीत, फीत थोडीच. अशा वेळी त्यांनी खिशातील वस्तूंना कामाला लावले. १९१५ सालची आगकाड्यांची मौज ही फीत या काळातील आहे. तिच्यात नट होत्या आगकाड्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा असा प्रयोग केला होता. भारतात मात्र तो नवाच होता.

या खेळामागील श्रम समजून घेण्याजोगे आहेत. समजा, पाच-सहा काड्यांची एक मनुष्याकृती मांडली आणि तिने हात वर करावयाचा आहे. हाताची काडी किंचित सरकवावयाची, कॅमेऱ्याची मूठ एकच चित्र उमटेल एवढीच फिरवावयाची, पुन्हा काडी सरकवावयाची, पुन्हा एक चित्र. हात वर जाण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तरी हे सोळा वेळा करावे लागते. मिनिटभराच्या खेळासाठी साडेनऊशेहून अधिक वेळा. मध्येच प्रकाश कमी-जास्त झाला की चित्र लुकलुकते. बाहीचा धक्का लागून एक काडी सरकली की पडद्यावर ती उडी मारते आणि मागचे सारे काम वाया जाते. ज्याचे डोळे एकदा जाऊन परत आलेले होते, त्या माणसाने हे काम पत्करले. जे. जे. तील रेखाटन, कलाभवनातील मूर्तिकाम, छापखान्यातील अचूकपणा, जादूगाराची दृष्टी हे सारे त्या चिमूटभर काड्यांत एकत्र आले. नाण्यांची आरास हलती करून दाखवणारी लक्ष्मीचा गालिचा ही फीतही त्यांनी याच रीतीने केली.

१९१७ साली लंकादहन या चित्रपटाने त्यांना अमाप यश दिले. त्याच वर्षी त्यांनी चित्रपट कसे तयार करतात ही फीत काढली. जादूगार आपले गुपित सांगत नाही, दादासाहेबांनी ते पडद्यावर मांडले. या फितीचे मोल म्हणूनच निराळे वाटते. पुढच्या वर्षी नाशिक येथे भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तेथील कलावंत व कामगार एका कुटुंबासारखे राहत आणि काम करताकरताच शिकत. परंतु भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले आणि ते काही काळ काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. मग परतले. बोलपटांचे युग आल्यावर त्यांचे तंत्र मागे पडले. १९३७ सालचा गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९५६ साली, डिस्ने यांच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईस आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात त्यांनी तरुणांना अ‍ॅनिमेशनचे पद्धतशीर धडे दिले. पुढे नामवंत झालेले राम मोहन हे त्यांच्या त्या विद्यार्थ्यांपैकी एक होत.

आगकाड्यांची मौज आज पाहावयास मिळत नाही. चित्रपट कसे तयार करतात या फितीचे काही तुकडे मात्र टिकून राहिले आहेत. त्यांत दादासाहेब नटांना सूचना देताना आणि हातातील फीत बारकाईने तपासताना दिसतात.