खरी किंमत शोधणारा गणिती : लिओनिद कांटोरोविच

मित्रांनो, ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरला लिनिअर प्रोग्रामिंगचं गणित हमखास येतं. टेबल मांडायचं, इटरेशन्स करायची, मार्क्स घ्यायचे आणि विसरून जायचं! पण हा विषय सर्वात आधी ज्यांनी मांडला, त्यांची गोष्ट सिलॅबसमध्ये नाही. म्हणून ती मी इथे सांगतोय.

लिओनिद कांटोरोविच यांचा जन्म १९१२ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. ते पाच वर्षांचे असताना रशियात क्रांती झाली. चौदाव्या वर्षी ते विद्यापीठात गेले, अठराव्या वर्षी पदवी आणि बाविसाव्या वर्षी चक्क प्रोफेसर! ज्या वयात आपण केटी क्लिअर करत असतो, त्या वयात.

१९२८ पासून तिथे पंचवार्षिक योजना सुरू झाल्या होत्या. कारखाने सरकारचे. काय बनवायचं, किती बनवायचं आणि केवढ्याला विकायचं हे सगळं वरून ठरायचं. मालाची टंचाई झाली तरी किंमत वर्षानुवर्षं तीच. मग टंचाई दिसायची कुठे? तर दुकानासमोरच्या रांगेत. लोक खिशात जाळीची पिशवी घेऊनच फिरायचे. तिचं नाव ‘अवोस्का’, म्हणजे नशिबाने काही मिळालंच तर!

१९३८ मध्ये प्लायवूडवाल्यांनी कांटोरोविच यांना एक प्रॉब्लेम दिला. आठ मशिन्स, पाच प्रकारचं लाकूड. कुठलं लाकूड कुठल्या मशिनवर लावलं तर जास्तीत जास्त माल निघेल? हा प्रश्न सोडवताना त्यांना नवीनच पद्धत सापडली. १९३९ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. अमेरिकेत डँटझिग यांची सिम्प्लेक्स मेथड आली ती १९४७ मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. उत्तराबरोबर प्रत्येक टंचाईच्या वस्तूला एक आकडा मिळत होता. ती वस्तू अजून एक युनिट मिळाली तर किती फायदा होईल, ते सांगणारा. आपण त्याला शॅडो प्राइस म्हणतो. म्हणजे ज्या देशात किंमत सरकार ठरवत होतं, तिथे गणित स्वतःची वेगळीच किंमत सांगू लागलं! मार्क्सच्या मते मूल्य श्रमातून येतं. त्याच्या विरोधात बोलणं स्टालिनच्या काळात जिवावर बेतू शकत होतं. कांटोरोविच यांनी ‘किंमत’ हा शब्दच टाळला, तरी नियोजनवाल्यांनी त्यांना झिडकारलं. युद्धकाळात लिहिलेलं त्यांचं मुख्य पुस्तक छापून आलं ते १९५९ मध्ये, स्टालिन गेल्यावर सहा वर्षांनी. मधल्या काळात ते बरीच वर्षं अर्थशास्त्र बाजूला ठेवून शुद्ध गणितच करत राहिले.

लेनिनग्राडच्या येगोरोव कारखान्यात रेल्वेचे डबे बनायचे. तिथे त्यांच्या पद्धतीने पत्रा कापला, तर भंगार एकदम कमी झालं. पण असं सांगतात की, कारखान्याला बक्षीस मिळायच्या ऐवजी बोलणीच खावी लागली. कारण भंगार गोळा करून द्यायचंही टार्गेट होतं आणि ते आता पूर्ण होईना! माणसं आळशी नव्हती, मूर्खही नव्हती. पण बचत केली की आपणच अडचणीत येणार हे कळल्यावर बचत कोण करेल?

याचा अर्थ बाजार म्हणजे देव, असं मला म्हणायचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला विद्यापीठात घेणारं सरकारही तेच होतं. कांटोरोविच स्वतः योजनेच्या विरोधात नव्हते, त्यांना ती सुधारायची होती. पुढे मान मिळाला, १९६५ मध्ये लेनिन पारितोषिक, १९७५ मध्ये कूपमन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल. पण पारितोषिक देणं सोपं, ऐकणं अवघड. रांगा तशाच राहिल्या. १९८६ मध्ये ते गेले आणि पाचच वर्षांनी सोव्हिएत युनियनही संपलं.

तेव्हा दोस्तांनो, परीक्षेत फायनल टेबलच्या शेवटच्या ओळीतले आकडे लिहाल, तेव्हा एक क्षण थांबा. कशाची किती टंचाई आहे हे ती ओळ खरं खरं सांगते. एका अख्ख्या देशाने ती वाचायचं टाळलं आणि त्याचे पैसे रांगेत उभ्या राहिलेल्या साध्या माणसाने भरले.