केप्लरची आई

ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे सांगणाऱ्या योहानेस केप्लरचं नाव आपण शाळेत पाठ केलंय. मला मात्र आज त्याच्या आईबद्दल सांगायचंय. तिला चेटकीण म्हणून साखळदंडात ठेवलं होतं.

कॅथरिना जर्मनीतल्या लिओनबर्गला राहायची. नवरा भाडोत्री सैनिक. १५८९ मध्ये घर सोडून गेला तो कायमचाच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण झाडपाल्याची औषधं येत होती. १५७७ चा धूमकेतू लहानग्या योहानेसला तिनंच दाखवला.

१६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईनं आरोप केला, की कॅथरिनानं दिलेलं कडू पेय पिऊन ती आजारी पडली. खरं तर त्या बाईचं भांडण होतं कॅथरिनाच्या धाकट्या मुलाशी! पण एकदा नाव पडलं, की गावाला निमित्तच मिळतं. मास्तर लंगडू लागले, कॅथरिनामुळे. एका मुलीचा हात दुखला, कॅथरिना जवळून गेली म्हणून.

ऑगस्ट १६२० मध्ये लेकीच्या घरातून रात्री तिला पेटीत घालून नेलं. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी चौदा महिने कैदेत राहिली. पहारेकऱ्यांचा खर्चही तिच्याच पैशातून! योहानेस लिंझहून धावत आला. प्रत्येक आरोपाला त्यानं साधं, लेखी उत्तर दिलं. मास्तर खंदकावरून उडी मारताना जखमी झाले होते. त्या मुलीनं विटा वाहिल्या होत्या.

शेवटी २८ सप्टेंबर १६२१ ला छळाची हत्यारं तिच्यासमोर मांडली. कबूल कर, नाहीतर हे भोग, असा त्याचा अर्थ. तिनं गुडघे टेकून प्रार्थना केली, पण न केलेला गुन्हा कबूल केला नाही. ऑक्टोबरमध्ये ती सुटली आणि एप्रिल १६२२ मध्ये वारली.

मला वाटतं, तिला वाचवलं दोन गोष्टींनी: तिचा चिवटपणा आणि लेकाची लेखणी. युरोपात त्या काळात चेटकीण ठरवून हजारो बायकांना मारलं गेलं. त्यातल्या बहुतेकींच्या मागे सम्राटाच्या दरबारी गणिती असलेला मुलगा नव्हता. औषध देणारी, फटकळ, एकटी बाई, एवढंच त्यांचं पाप. एखादीचं नाव असं कानावर आलं, तर आपण काय करतो, हे प्रत्येकीनं स्वतःला विचारायला हवं.