पडद्यावरचे तुकोबा

विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवरील गायक नट. तरुणपणी त्यांनी स्त्रीभूमिकाही केल्या. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, केशवराव भोळे संगीतकार. आणि तुकोबांची भूमिका आली विष्णुपंतांकडे. नाटकात पद रंगवायचे ते तानांनी. इथे मात्र विष्णुपंतांनी गळा आवरला नि शब्द पुढे ठेवला. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्याही कानी अभंग गेला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात बोलपटाचा गौरव झाला. पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) यांतही ते संतच झाले. १९४३ साली त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट मात्र पाथरीकडील भजनी मंडळींनी ध्यानी घ्यावी. त्या बोलपटातले बीज-वृक्षाचे पद पुष्कळांना तुकोबांचेच वाटते. ते रचले शांताराम आठवले यांनी. विष्णुपंतांच्या मुखी ते इतके शोभले, की नट आणि संत यांतला भेदच लोक विसरले! पद गोड आहे, खुशाल गावे. पण कीर्तनात तुकोबांचे प्रमाण द्यायचे, तर ते गाथेतलेच द्यावे. आठवल्यांचे श्रेय आठवल्यांना, तुकोबांचे तुकोबांना.