असन्निधानकाळातील आचार्य भटोबास

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी इ.स. १२७२-७४ च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तजनांचा आधारच गेला. नागदेवाचार्य, अर्थात भटोबास, विरहाने पार व्याकुळ झाले. एखाद्या मायावाद्याने अशा समयी जग मिथ्या मानून मनाचे समाधान करून घेतले असते. भटोबासांना ती वाट मोकळी नव्हती. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हे ज्यांनी श्रीमुखातून ऐकले, त्यांना वियोग हा भ्रम कसा म्हणता येईल? सन्निधान सत्य होते, तसे असन्निधानही सत्यच होते. ते पत्करावयाचे होते.

पत्करणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भटोबास, महदाइसा प्रभृती भक्तजन ऋद्धिपुरास गेले व सुमारे १४ वर्षे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. परमेश्वर एकच, परंतु प्रभूंची चर्या स्वामींहून निराळी. तिच्यात जुन्या लीलांची पुनरावृत्ती शोधणाऱ्याच्या पदरी खेदच यावयाचा. भटोबासांनी समोर होते त्याचीच सेवा केली.

याच काळी म्हाइंभटांनी लीलासंग्रह आरंभिला. ऋद्धिपुरातील वाजेश्वरीच्या एकांतात भटोबास आठवून सांगत व म्हाइंभट लिहून घेत. इतर लीला ज्या भक्तांनी पाहिल्या, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी विचारल्या. मतभेद आढळला तेथे तोही नोंदला. लीळाचरित्राचा हा प्रांजळपणा अभ्यासकांनाही आज विशेष वाटतो.

प्रभूंच्या प्रयाणाने दुसरा वियोग आला. आता कोणताही अवतार दृष्टीसमोर नव्हता. उरली होती स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही साधने, आणि अखंड स्मरण. पुढे निंबे येथे राहून भटोबासांनी मार्ग सांभाळला तो याच सामग्रीवर. अनुयायी जसे होते तसे त्यांनी जमेस धरले. केसोबास संस्कृतचे मोठे पंडित; रत्नमालास्तोत्र त्यांचेच. परंतु ते संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा त्यामुळे आपल्या वृद्ध साध्वी ज्ञानास मुकतील, म्हणून भटोबासांनी त्यांना आवरले. केसोबासांनी ते मानले, हा त्यांचाही थोरपणा. मराठी सूत्रपाठ त्यांच्याच हातून सिद्ध झाला.

इ.स. १३०२ च्या सुमारास भटोबासांचा देह पडला. मार्गाला तिसरा वियोग घडला, आणि आचार्यपदाचा भार बाइदेवबासांवर आला.