बाईकवेड्या पोरीने सोडवला लढाऊ विमानांच्या कार्बोरेटरचा घोळ!

मंडळी, जुन्या बाईकचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला की काय होतं? पेट्रोल जास्त जातं, काळा धूर निघतो आणि गाडी बंद पडते. रस्त्यावर हे झालं तर आपण गाडी ढकलत गॅरेज गाठतो. पण आकाशात, शत्रू मागे लागलेला असताना झालं तर?

1940 मध्ये ब्रिटिश पायलट हेच भोगत होते. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी एकदम खाली सूर मारला की मर्लिन इंजिन आचके द्यायचं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन क्षणभर उपाशी राहायचं. लगेच फ्लोटचं गणित चुकून पेट्रोलची वाट सताड उघडायची आणि इंजिन पेट्रोलने तुंबायचं. जर्मन मेसरश्मिट 109 मध्ये फ्युएल इंजेक्शन असल्याने ती मात्र आरामात सूर मारून निसटायची.

यावर तोडगा काढला बिएट्रिस शिलिंग यांनी. त्यांचा जन्म 1909 चा, इंग्लंडमधला. चौदाव्या वर्षीच त्यांनी मोटरसायकल घेतली होती. मँचेस्टरला इंजिनिअरिंग शिकल्या. 1934 मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन बाईक ताशी 106 मैल, म्हणजे सुमारे 170 किलोमीटर वेगाने पळवून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला. हा मान मिळवणाऱ्या महिला फक्त तीन! 1936 पासून त्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करू लागल्या.

नवा कार्बोरेटर बनवायला वेळ नव्हता. शिलिंग यांनी प्रश्न सोपा केला: जादा पेट्रोल आत येऊच द्यायचं नाही! पेट्रोलच्या नळीत बसेल असा छोटा पितळी तुकडा त्यांनी तयार केला. त्याला एकच भोक, पण मोजून मापून पाडलेलं. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जायचं. पुढे तर साध्या वॉशरवर काम भागलं. इंजिन न उतरवता तो बसवता यायचा.

1941 च्या सुरुवातीला शिलिंग आणि त्यांची टीम एकेका विमानतळावर जाऊन हे तुकडे बसवत होती. सूर मारताच इंजिन उपाशी राहण्याचा क्षणभराचा त्रास यातून गेला नाही. त्यासाठी वेगळे कार्बोरेटर यावे लागले. पण इंजिन तुंबून बंद पडण्याचा जीवघेणा धोका टळला.

1990 मध्ये शिलिंग यांचं निधन झालं. बिघाड नेमका कुठे आहे हे कळलं, तर दुरुस्ती एका वॉशरनेही होते, हे त्यांनी दाखवून दिलं.

तुमच्या ओळखीतल्या बाईकवेड्यांना ही गोष्ट नक्की सांगा!